डाव्या खांद्याचा जबाब

"सुईत काय आहे?" मी विचारलं.
"काहीच नाही जी, कोरडी आहे."
डॉक्टर हर्षाली उके, वय असेल अठ्ठावीस.
सक्करदऱ्यात सावजीच्या खानावळीवर दोन खोल्यांचा दवाखाना,
खालून तर्रीचा वास जिन्यानं वर येतो
आणि कूलरच्या वाळ्याशी भांडतो.
मे महिना. मी पालथा, शर्ट खुंटीला.

एकतीस वर्षं जिल्हा कोर्टाच्या आवारात
निंबाखाली माझा टाइपरायटर.
अर्ज, वकालतनामे, प्रतिज्ञापत्रं.
घंटी वाजली की डाव्या हातानं दांडा लोटायचा,
कागद एक ओळ वर.
दिवसाला आठशे वेळा, कमी नाही.

दुखणं अकरा वर्षांपूर्वी दाखल झालं,
त्यानंतर नुसत्या तारखा.
बाम, शेकाची पिशवी, उमरेडचा हाडवैद्य.
मेडिकलच्या डॉक्टरनं एक इंजेक्शन दिलं,
त्यावर दोन महिन्यांचा स्टे मिळाला.
बायको म्हणते, ह्या माणसाला हाक मारली
की मान नाही वळत, अख्खा माणूस वळते.

तिनं खांद्याची पाळ चिमटीत धरली, सोडली.
माझा बाप मागावर बसायचा,
तुटलेला धागा अंधारात बोटानं शोधायचा, तशी.
"इथं?"
नाही.
"इथं?"
दाबलं खांद्यावर
आणि कळ उठली कानामागं, थेट डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.
गुन्हा एका हद्दीत, बोंब दुसऱ्या ठाण्यात,
मी म्हटलं. ती हसली नाही.
पेनानं एक फुली मारली.

सुई जाताना काही वाटलं नाही.
मग आतल्या आत तिनं ती जरा वरखाली केली
आणि एकदम
स्नायू उडाला.
मला न विचारता,
घमेल्यात मासोळी पलटी मारते तसा,
एकदा, पुन्हा, मग बारीकसा तिसऱ्यांदा.
तोंडून "अबे" निघालं.
"हाच," ती म्हणाली, "दिला त्यानं जबाब."

जबाब.
हजारो टाइप केले मी.
'सदर मजकूर मला वाचून दाखवला,
तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'
वाटलं, आता ह्यातून निघतील एकेक:
गीराबाई, सव्वा एकरासाठी चौदा वर्षं येत राहिली,
तिच्या वारसांचा अर्जही मीच टाइप केला.
तो पोरगा, घटस्फोटाच्या कागदात
बायकोचं नाव सांगताना दर वेळी थांबायचा.
दुसऱ्यांचं किती ओढलं ह्या हातानं, ओळीमागून ओळ.
हे तिला सांगितलं. डोळ्यांत पाणीही आलं असेल,
तोंड पलंगाच्या भोकात, दिसलं नाही कुणाला.

"काका," दुसरी सुई उघडत ती म्हणाली,
"बसता कशावर?"
तेलाच्या डब्यावर. वर बारदाना.
"आणि मशीन?"
टेबलावर.
"मग ते दुःख नाही जी, डबा ठेंगणा आहे.
खांदे उचलून उचलून टाइप करून राहिले तुम्ही."

असं कुणी बोलतं का?
मी रुसलोच थोडा वेळ.

सुया निघाल्या. औषध गेलं नाही,
रक्त म्हणाल तर कापसावर एक ठिपका.
नुसतं कोणीतरी आत जाऊन
कडी वाजवून आलं.
"आज-उद्या जास्त दुखेल. पुढल्या मंगळवारी या."
पुन्हा तारीख.
रात्री दुखलं, खोटं कशाला सांगू,
सोटा मारल्यासारखं.

बुधवारी डब्यावर जुन्या कार्बन प्रतींचे दोन गठ्ठे ठेवले,
पक्षकार कधी न्यायलाच आले नाहीत असे,
वर बारदाना, वर मी.
चार बोटं उंच.
वकील डोंगरवार म्हणाले, सोनकुसरे, आज मोठे दिसून राहिले.
कागद चढवला.
घंटी वाजली.
मागून कुणीतरी "ओ भाऊ" म्हटलं,
आणि मी मानेनं, नुसत्या मानेनं,
अर्धं का होईना, वळून पाहिलं.